संयुक्त राष्ट्रांच्या करारात समलैंगिकांचा उल्लेख आहे का? परभणीहून तक्रार करता येईल का?

उल्लेख नाही, आणि थेट तक्रारही करता येत नाही; संरक्षण मात्र आहे. १९९४ मध्ये ‘टूनेन विरुद्ध ऑस्ट्रेलिया’ प्रकरणात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने नागरी व राजकीय हक्कांच्या करारातल्या ‘लिंग’ या शब्दातच लैंगिक कलही येतो, असं सांगितलं. बराचसा डोलारा त्या एका शब्दावर उभा आहे! लैंगिक कल आणि लिंगओळख यांना मानवाधिकार कसे लागू होतात हे सांगणारी योग्यकर्ता तत्त्वं तज्ज्ञांनी लिहिलेली, बंधनकारक नाहीत. तरी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या २०१४ च्या नालसा निकालात त्यांचा आधार घेतला. भारत नागरी व राजकीय हक्कांच्या करारात १९७९ पासून आहे, पण वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारा त्याचा ऐच्छिक प्रोटोकॉल (जोडकरार) भारताने स्वीकारलेला नाही. म्हणून जिनिव्हातली ती समिती सोडा, मुंबई उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ गाठा. जानेवारी २०२१ मध्ये त्याच खंडपीठाने एका तृतीयपंथी उमेदवाराला महिला राखीव जागेवरून ग्रामपंचायत लढवू दिली होती.