चिनी अभिनेत्री गोंग लीचा एकही चित्रपट पाहिलेला नाही, सुरुवात कुठून करू?

'द स्टोरी ऑफ चिउ जू' (१९९२) पासून करा. दिग्दर्शक झांग यिमोउ. यातल्या चिउ जूच्या भूमिकेसाठी गोंग लीला व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. गावचा प्रमुख चिउ जूच्या नवऱ्याला भलत्या जागी लाथ मारतो. प्रमुखाने 'चुकलं' एवढं म्हणावं म्हणून पोटुशी चिउ जू तालुक्यापासून शहरापर्यंत हेलपाटे घालत राहते. पैसे घेऊन गप्प बसायला ती तयार नसते. कित्येक दृश्यं छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली, आजूबाजूची माणसं बहुतेक खरी गावकरी, आणि डोक्याला फडकं गुंडाळून त्या गर्दीत फिरणारी गोंग ली नटी वाटतच नाही. नाट्य अकादमीत शिकत असतानाच 'रेड सोरगम' (१९८७) मधून पदार्पण केलेली ही बाई तोवर चांगलीच नावारूपाला आली होती, हे लक्षात घेतलं तर हे किती अवघड होतं ते कळतं.

फक्त एक: तिचा तो गाजलेला रुबाब इथे औषधालाही सापडणार नाही. तोच हवा असेल तर आधी 'रेझ द रेड लँटर्न' (१९९१) लावा.