हवामानबदल की वातावरणबदल?

कोल्हापुरातील एका शिक्षिकेची पृच्छा अशी आहे : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी केलेल्या तक्त्यांवर ‘क्लायमेट चेंज’साठी कोणी ‘हवामान बदल’ लिहिले आहे, कोणी ‘वातावरण बदल’, तर एकाने ‘जलवायू परिवर्तन’. यांपैकी योग्य कोणते, आणि शब्द जोडून लिहावा की तोडून?

माझा कौल ‘हवामानबदल’ या जोडशब्दाला आहे. मात्र ‘वातावरण’ हा शब्द तक्त्यावरून पुसून टाकू नये, कारण त्याचेही त्याच तक्त्यावर वेगळे काम आहे.

‘जलवायू परिवर्तन’ ही हिंदीतून आलेली जोडी आहे. तिच्यात हवेबरोबर पाणीही येते, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे. परंतु मराठीत त्याच अर्थाच्या जवळ जाणारा ‘हवापाणी’ हा शब्द आपण प्रकृतीच्या संदर्भात वापरतो. एखाद्याला परगावचे हवापाणी मानवत नाही. ‘हवापालट’ तर आजारातून उठलेल्या माणसाने पन्हाळ्यावर जाऊन करायची गोष्ट आहे, त्यामुळे तो मार्गही बंद.

‘हवामान’ या शब्दात अरबीतून फारसीमार्गे आलेली ‘हवा’ आणि संस्कृत ‘मान’ यांचा संयोग आहे. हे ‘मान’ म्हणजे मोजमाप, प्रमाण. पाऊसमान, तापमान, ऋतुमान यांत दिसते तेच. या शब्दावर नेहमीचा आक्षेप असा की, आजची हवा आणि वर्षानुवर्षांची हवा या दोन्हींना तो एकच पडतो. आक्षेप खरा आहे, पण संदर्भाने अर्थ उलगडतो. ‘आजचे हवामान’ म्हटले की संध्याकाळी छत्री न्यावी का, हा प्रश्न असतो. ‘गगनबावड्याचे हवामान’ म्हटले की तेथे शिरोळच्या कित्येक पट पाऊस पडतो, हे अभिप्रेत असते, मग एखाद्या साली तो कमी का पडेना. जागतिक हवामान संघटनेने अशा दीर्घकालीन सरासरीसाठी साधारणपणे 30 वर्षांचा काळ प्रमाण मानला आहे. शेतकरी मंडळी ‘ऋतुमान बदललंय’ म्हणतात, तेव्हा त्यांनाही याच लांब पल्ल्याची गोष्ट सांगायची असते. आणि शास्त्रीय लेखनात रुळला असता तर ‘ऋतुमान’ मला अधिक आवडला असता.

आता ‘वातावरण’. राज्य शासनाच्या विभागाच्या नावातच ‘वातावरणीय बदल’ असल्यामुळे हा प्रयोग चुकीचा कसा, असे कोणी विचारील. एक अडचण रोजच्या भाषेतली आहे : ‘वातावरण बदलामुळे सर्दी-खोकल्याचे रुग्ण वाढले’ ही बातमी आपण दर पावसाळ्याच्या तोंडावर वाचतो आणि तिथे दोन दिवसांच्या ढगाळ हवेपलीकडे काही सुचवायचे नसते. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. वात अधिक आवरण, म्हणजे पृथ्वीभोवतीचे वायूंचे वेष्टन. पृथ्वीचे हवामान केवळ या वेष्टनात घडत नाही. समुद्र, बर्फ, जमीन आणि सजीव सृष्टी यांचा त्यात सतत सहभाग असतो. पृथ्वीवर साठत चाललेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे 90 टक्के समुद्राने शोषून घेतली आहे. समुद्र तापला की बाष्पीभवन वाढते, आणि हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. सह्याद्रीला अडून आपल्या घाटमाथ्यावर कोसळणाऱ्या पावसाचे बरेचसे बाष्प अरबी समुद्रावरून येते, हे ध्यानात घेतले तर या साखळीला ‘वातावरणबदल’ म्हणणे किती अपुरे आहे ते कळते.

तरीही माणसाचा हात प्रथम लागतो तो वातावरणालाच. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 रेणू होते. आज ते 420 च्या वर गेले आहेत. ही भर मुख्यतः कोळसा आणि खनिज तेलाच्या ज्वलनातून आली, हे त्या कार्बनच्या समस्थानिकांच्या, म्हणजे कमी-अधिक वजनाच्या अणूंच्या, प्रमाणावरून ओळखता येते. हा वायू सूर्यप्रकाश आत येऊ देतो, पण तापलेली जमीन आणि समुद्र बाहेर टाकतात त्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांपैकी काही शोषून पुन्हा सर्व दिशांना सोडतो. अशा वायूंचा परिणाम मुळीच नसता, तर पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान आजच्या सुमारे 15 ऐवजी उणे 18 अंशांच्या आसपास राहिले असते. म्हणजे दोष या वायूंच्या असण्यात नसून ते वाढवण्यात आहे. (जाता जाता : अशा वायूंचे ‘हरितगृह वायू’ हे नावही फसवे आहे. शिरोळकडच्या पॉलिहाऊसमध्ये उकडते ते प्रामुख्याने तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून. पण शब्द इतका रुळला आहे की तो आता हलणार नाही.)

तेव्हा मुलांना दोन्ही शब्द कामाला लावता येतील. वातावरणाच्या घटनेत माणसाने केलेला बदल हे कारण, आणि हवामानबदल हा त्याचा परिणाम. तक्त्यावर 2019 किंवा 2021 च्या महापुराचे छायाचित्र असेल, तर त्याखाली ‘हवामानबदलामुळे आलेला पूर’ असे सरळ लिहू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, ही त्या त्या वर्षाची घटना. तिच्यामागे पाऊस, धरणांतला विसर्ग आणि नदीकाठची बांधकामे अशी अनेक कारणे असतात. ‘तापत्या हवामानात अतिवृष्टीची शक्यता वाढते’ हे विधान मात्र निर्धास्त लिहावे.

राहिला जोडून-तोडून लिहिण्याचा प्रश्न. हा सामासिक शब्द आहे; ‘तापमानवाढ’, ‘पाणीटंचाई’ जसे जोडून लिहितो तसेच ‘हवामानबदल’, ‘हवामानबदलामुळे’ असे लिहावे. ‘हवामानातील बदल’ ही सुटी रचना चार दिवसांच्या उघडझापीसाठी राखून ठेवावी.