पहिला आरसी रेडिओ कोणता घ्यायचा? वाचकांचे प्रश्न

या वेळी मॉडेल विमानांवरची पत्रं बरीच आली आणि त्यातली बहुतेक रेडिओबद्दलच आहेत, म्हणून हा अंक त्यांनाच दिला. आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल: हातातला ट्रान्समीटर हुकूम पाठवतो, विमानातला रिसिव्हर तो घेतो आणि सर्व्हो नावाच्या छोट्या मोटरी विमानाच्या झडपा हलवतात. असा एकेक हुकूम म्हणजे एक चॅनल. नावं छापलेली नाहीत, फक्त नागपुरातली वस्ती दिली आहे.

प्रश्न (मानेवाडा): दादा, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सनपॅक (पोकळ प्लास्टिक) शीटचं ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान बनवून राहिलो, पंख ११० सेंटीमीटर. सगळं मिळून आठ हजार आहेत. रेडिओ बघायला गेलो तर डोकं फिरलं. कोणी म्हणते चार चॅनल पुरतात, कोणी म्हणते दहाचाच घे, एक मित्र म्हणते फ्लायस्काय कंपनीच्या नादी लागू नको, सरळ ईएलआरएस या रेडिओ सिस्टिमवर जा. एक जण फ्लायस्कायचाच जुना सीटी६बी रेडिओ स्वस्तात देऊन राहिला. काय करू?

उत्तर: आधी चॅनलचा घोळ मिटवू. एलेरॉन (विमान डावीकडे-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरच्या झडपा), एलिव्हेटर (नाक वर-खाली), थ्रॉटल (मोटरचा वेग), रडर (नाक डावं-उजवं), झाले चार. पुढे फ्लॅप (हळू उतरायला लागणाऱ्या पंखाच्या झडपा) लावलेस किंवा दोन एलेरॉनना दोन वेगळे चॅनल द्यायचे ठरवलेस की पाचवा-सहावा लागतो. म्हणजे सहा चॅनलमध्ये तुझी पहिली काही विमानं आरामात निघतील, दहासाठी आत्ता खिसा रिकामा करू नको.

सीटी६बी नको. त्याला स्क्रीनच नाही, एखादा सर्व्हो उलटा फिरत असेल किंवा मिक्सिंगमध्ये (एका काडीने दोन झडपा हलवण्यात) काही बदल करायचा असेल तर लॅपटॉप आणि केबल घेऊन बसावं लागतं, वर त्यात पेन्सिल सेल आठ लागतात. फ्लायस्कायच्याच एफएस-आय६ (थोडक्यात आय६) मध्ये हे सगळं मेनूतून होतं, चार सेल पुरतात, आणि वीस मॉडेलची सेटिंग आत साठवून ठेवता येते. म्हणजे नवीन विमान बनवलं की जुन्याचे ट्रिम (विमान सरळ उडावं म्हणून केलेले बारीक फेरफार) पुसावे लागत नाहीत.

आता खरं महत्त्वाचं. सगळे ट्रान्समीटरची किंमत बघतात आणि तिथेच थांबतात. पण ट्रान्समीटर तू एकदा घेणार, रिसिव्हर मात्र प्रत्येक विमानात एक लागणार, आणि शिकताना विमानं आपटतात तेव्हा रिसिव्हरपण कधीकधी जातो. एका कंपनीचा रिसिव्हर दुसऱ्या कंपनीच्या ट्रान्समीटरला सहसा बाइंड होत नाही, म्हणजे जोडला जात नाही, प्रत्येकाची भाषा वेगळी, फ्लायस्कायची एएफएचडीएस २ए, स्पेक्ट्रमची डीएसएमएक्स. म्हणून रेडिओ घेताना आधी रिसिव्हरचा भाव विचार आणि त्याला तीनने गुण. स्पेक्ट्रम, फुटाबा अप्रतिम आहेत, मला दोन्ही आवडतात, पण तुझ्या बजेटमध्ये त्यांचा हिशोब इथेच बिघडतो. फ्लायस्कायचा एफएस-आयए६बी हा रिसिव्हर आपल्याकडे सहज मिळतो आणि परवडतो, आय६ सोबत सेटमध्येच तो किंवा आयए६ येतो. पूर्ण सेट साधारण पाच हजारांच्या आसपास पडतो, भाव वरखाली होत असतो, दोन-तीन ठिकाणी विचार.

मित्राचं ईएलआरएसचं म्हणणं चुकीचं नाही. तंत्र म्हणून ते पुढचं आहे, ओपन सोर्स आहे, लांबवर आणि गर्दीतही टिकून राहतं. रेडिओमास्टर पॉकेटसारखा छोटा ट्रान्समीटर त्यात मिळतो, त्यावर एजटीएक्स हे सॉफ्टवेअर चालतं आणि ते शिकलं की वाट्टेल ते मिक्सिंग करता येतं. पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. ईएलआरएसचे जे इवलेसे स्वस्त रिसिव्हर दिसतात ना, ते ड्रोनच्या फ्लाइट कंट्रोलरसाठी (ड्रोन सांभाळणाऱ्या सर्किटसाठी) असतात, त्यांना सर्व्होची पिन सरळ लागत नाही, तुला पीडब्ल्यूएमवाला, म्हणजे सर्व्हो सरळ लागणारा रिसिव्हर शोधावा लागेल आणि तो महाग पडतो. दुसरं, पॉकेटमध्ये सेल येत नाहीत, १८६५० मापाचे दोन लिथियम सेल वेगळे घ्यावे लागतात. पुढे एफपीव्ही (विमानावरच्या कॅमेऱ्यातून बघत उडवणं) किंवा ड्रोनकडे जायचं पक्कं असेल तर आत्ताच थोडे जास्त टाकून तिकडे जा, मी अडवणार नाही. नुसतं ट्रेनर उडवायचं असेल तर आय६. रेंजची काळजी करू नको, कंपनी अर्धा किलोमीटर म्हणते, पण तुझं ११० सेंटीमीटरचं विमान दोन-तीनशे मीटरवर गेलं की ते येतंय की जातंय हेच डोळ्याला कळत नाही.

आणि ईएलआरएस घेतलंच तर २.४ गिगाहर्ट्झचं घे. ९१५ मेगाहर्ट्झवालं स्वस्तात मिळतंय म्हणून आणू नको, तो आपल्याकडे लायसन्सशिवाय वापरायचा बँड नाही. बाहेरच्या देशातून थेट मागवायच्याही फंदात पडू नको, वायरलेस सामानाला डब्ल्यूपीसी या सरकारी विभागाची मंजुरी लागते, कस्टममध्ये पार्सल अडकतं. इथल्या विक्रेत्याकडून बिल घेऊन घे.

आठ हजारात सगळं एकदम बसवायला गेलास तर मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), लिपो बॅटरी, चार्जर कशात तरी तडजोड करशील आणि ती बहुतेक चार्जरमध्ये करशील, जिथे करूच नये. म्हणून सांगतो, या महिन्यात फक्त रेडिओ आणि सिम्युलेटरची यूएसबी केबल घे. ती ट्रान्समीटरच्या मागच्या ट्रेनर पोर्टला लागते. पिकासिम हा सिम्युलेटर फुकट आहे. त्यावर रोज अर्धा तास बस, खास करून विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं त्याची सवय कर. तोवर बाकीचे पैसे जमतील.

घेताना मोड २ माग, म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला. आपल्याकडे बहुतेक जण त्यावरच उडवतात, त्यामुळे मैदानावर कोणी तुझा ट्रान्समीटर हातात घेऊन विमान ट्रिम करून देऊ शकतो. याच कारणाने तू जिथे उडवणार तिथले लोक काय वापरतात हे आधी जाऊन बघ. चौघं फ्लायस्कायवाले असतील तर जादा रिसिव्हर, ट्रेनर केबल (शिकवणाऱ्याचा रेडिओ तुझ्या रेडिओला जोडायची), सेटिंगची मदत सगळं तिथेच मिळतं, आणि हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

बाइंड झाल्यावर पहिलं काम फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला तर विमानाने काय करायचं ते. मेनूत जाऊन थ्रॉटल शून्यावर राहील असं स्वतः सेट कर, ते आपोआप झालंय असं धरून चालू नको. मग प्रोपेलर काढून, मोटर हळू चालवून, ट्रान्समीटर बंद कर. मोटर थांबली पाहिजे. नाही थांबली तर उडवायचं नाही.

प्रश्न (नंदनवन): माझ्या काकांचा ७२ मेगाहर्ट्झचा जुना रेडिओ कपाटात आहे, अमेरिकेहून आणलेला, क्रिस्टलवाला (फ्रिक्वेन्सी ठरवणारा सुटा तुकडा लावायचा). मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला विमानाचं वेड लागलंय. तो वापरला तर पैसे वाचतील ना?

उत्तर: ताई, नका वापरू. त्या काळी एका क्रिस्टलवर एकच विमान असायचं, दुसऱ्याने त्याच फ्रिक्वेन्सीवर स्विच ऑन केला की पहिलं विमान खाली, त्यासाठी कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते दाखवायला मैदानावर बोर्ड आणि क्लिपा ठेवायचे. २.४ गिगाहर्ट्झवर रिसिव्हर फक्त आपल्याच ट्रान्समीटरचं ऐकतो, दहा जण एकत्र उडवू शकतात. शिवाय ७२ चा बँड अमेरिकेत मॉडेलसाठी राखलेला आहे, आपल्याकडे लायसन्सशिवाय चालतो तो २.४. आतले निकॅड सेलही एव्हाना गेलेले असतील, गळले असतील तर हात लावण्याआधी हातमोजे घाला. त्यातले सर्व्हो मात्र तपासून बघा, चांगले असतील तर नव्या रिसिव्हरवर बहुतेक वेळा चालतात, फक्त प्लगच्या तारांचा क्रम आधी पडताळा. मुलगी आठवी-नववीत असेल आणि शाळेत एनसीसीची एअर विंग असेल तर तिथे नक्की चौकशी करा, एरोमॉडेलिंग त्यांच्या प्रशिक्षणातच असतं.

प्रश्न (प्रताप नगर): घराजवळच मोठं मैदान आहे. विमान अर्ध्या किलोचंच आहे आणि रेडिओही छोटाच. उडवलं तर चालेल ना?

उत्तर: नाही. तुमच्यापासून सोनेगावचं विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आठ ते बारामध्ये २०० फुटांपर्यंत आणि त्यापुढे हिरव्या झोनमध्ये (नकाशावर परवानगी न लागणारा भाग) ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. नागपूरचा केवढा तरी भाग त्या आठमध्येच येतो. छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलना टाइप सर्टिफिकेटमधून (त्या बनावटीच्या सरकारी मंजुरीतून) सूट आहे हे खरं, पण झोनमधून सूट नाही, विमान अर्ध्या किलोचं असो की पाच. डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवरचा नकाशा बघून काटोल रोड किंवा उमरेड रोडला बरंच बाहेर एखादं मोकळं शेत शोधा, मालकाला विचारा, आणि लष्करी हद्द जवळ नाही ना तेही पक्कं करा. सकाळी लवकर जा, उन्हाळ्यात नऊनंतर गरम हवा विमानाला उचलून आपटते आणि गाडीच्या डिक्कीत ठेवलेल्या लिपोला ते ऊन सहन होत नाही.

प्रश्न (दिघोरी): आय६ घेतला. मोटर फुल दिली आणि सर्व्हो एकदम हलवले की रिसिव्हरचा लाइट मिचकतो, क्षणभर कंट्रोल जातो. रेडिओ खराब आला का? बदलून मागू?

उत्तर: थांबा, रेडिओवर शंका घेण्याआधी बीईसी तपासा. ईएससीमधला छोटा बीईसी रिसिव्हर आणि सगळे सर्व्हो यांना पाच व्होल्ट पुरवतो, आणि ३एस (तीन सेलच्या) बॅटरीवर साधा लिनियर बीईसी लवकर तापतो. चार सर्व्हो एकदम ओढले की व्होल्टेज पडतं, रिसिव्हर रीस्टार्ट होतो, आणि आपल्याला वाटतं सिग्नल गेला. आयए६बी असेल तर रिसिव्हरचं व्होल्टेज ट्रान्समीटरच्या स्क्रीनवर दिसतं. प्रोपेलर काढा, ट्रान्समीटरच्या सगळ्या काड्या गरागरा फिरवा आणि आकडा बघत राहा. पाचवरून साडेचारच्या खाली घसरत असेल तर तीन अँपचा वेगळा स्विचिंग (कमी तापणारा) बीईसी लावा, ईएससीची लाल तार रिसिव्हरपासून काढून टेप करा. एखादा सर्व्हो अडकून कुरकुरतोय का तेही बघा, तो एकटाच सगळा करंट खातो.

आकडा हलतच नसेल तर मग अँटेना. दोन्ही तारा एकमेकींना काटकोनात, बॅटरी आणि मोटरच्या तारांपासून लांब, टोकाचा उघडा भाग दुमडलेला नको. तरीही तसंच होत असेल तर एकच रिसिव्हर बदलून बघा, अख्खा सेट परत करू नका.