तुल्यवाण आजारी पडले होते का?

चि. हिला अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. पुण्यात सलग दोन रब्बी हंगामांत मोहरीच्या तुझ्या ओळींवर (निवडीसाठी वाढवलेल्या वंशांवर) पांढऱ्या तांबेऱ्याचा, म्हणजे पानांवरच्या त्या रोगाचा, एकही फोड आला नाही, म्हणून त्यांना प्रबंधात प्रतिकारक म्हणावे की आणखी एक हिवाळा राजस्थानात भरतपूरला काढावा, असा तुझा पेच आहे. मला तो पेच वाटत नाही. शेजारी तुलनेसाठी तुल्यवाण म्हणून लावलेले, या रोगाला बळी पडणारे ‘वरुणा’ आजारी पडले होते का? चार पानी पत्रात तू एवढेच लिहायचे राहिलीस.

हा रोग करणाऱ्या अल्ब्युगोला (ती खरी बुरशी नव्हे, हे तुला सांगायला नको) गारवा आणि पानावर टिकणारी ओल, दोन्ही लागतात; पुण्याच्या कोरड्या थंडीत रोग आलाच नसेल, तर तुझ्या ओळी प्रतिकारक नाहीत, केवळ निसटलेल्या आहेत. ‘वरुणा’च्या पानांखाली पांढरे फोड आणि शेंड्याला फुगून वेडावाकडा झालेला फुलोरा दिसेपर्यंत कोणत्याही ओळीला गुण देऊ नकोस. डोन्स्काया-४ या प्रतिकारक वाणामधून घेतलेले जनुक मार्करने, म्हणजे डीएनएतल्या खुणेने, दिसते, हे तुझे म्हणणे मान्य. पण जनुक असणे आणि शेतातल्या रोगापुढे ते टिकणे या दोन गोष्टी आहेत. बीजपत्रांवर, म्हणजे कोवळ्या रोपाच्या पहिल्या पानांवर, केलेली चाचणीही फुलोरा निरोगी राहील याची खात्री देत नाही. खोडकुजीत, मोहरीच्या दुसऱ्या एका रोगात, तर बुरशीच्या जमिनीतल्या काळ्या गाठी सर्वत्र सारख्या नसतात, म्हणून तेथे प्रत्येक खोडावर हातानेच लागण करावी लागते. रोग आला नाही, तर निवड झाली नाही.

माझ्या नावावर वाणे कमी आहेत, हे मला बढतीच्या मुलाखतीत ऐकवले गेले. ऐकवोत. रोग न आलेल्या वर्षाचे आकडे मी कधी धरले नाहीत, म्हणून ती कमी आहेत. मुलीची स्नेहसंमेलने दर हिवाळ्यात हुकली, याची हळहळ मात्र अजून आहे, आणि तुझ्याकडे तेवढाच हिवाळा मागताना मला ते आठवते.

तरीही जा. पेरणी नेहमीपेक्षा उशिरा ठेव, म्हणजे रोगाला संधी मिळेल. ठरावीक ओळींनंतर ‘वरुणा’ची एक ओळ घाल आणि शेताच्या कडेने ते सगळीकडून लाव. मार्गदर्शक मुदतीचे बोलतील. त्यांना तुल्यवाणाचे आकडे विचार.