बिया कशा पसरतात ते बघायचंय ना, मग आधी मोजे बघ

अरे सुरुवातीलाच पुस्तकं, अॅप वगैरेच्या नादी लागू नकोस, नोव्हेंबरात सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर साधे सुती मोजे घालून एक चक्कर मार आणि घरी आल्यावर ते मोजे धुवायला टाकायच्या आधी नीट बघ, गवताची कुसळं आणि गोखरूचे काटे मिळणारच. म्हणजे बी पसरवायचं काम तूच करून आलास, फुकट!

त्यातलं एक कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब टाक आणि गंमत बघ. त्याची काळी शेपटी पिळलेली असते, ओल लागली की पीळ सुटायला लागतो आणि अख्खं कुसळ हळूहळू गरगर फिरतं. वाळलं की परत पीळ बसतो. असं करत करत बी जमिनीत घुसतं, टोक अणकुचीदार आणि त्यावर उलटे केस, त्यामुळे मागे येत नाही (मोज्यातून पण येत नाही, आमच्या घरी विचार).

रुईची म्हातारी तर लहानपणी सगळ्यांनीच फुंकलीय. वावळाच्या झाडाच्या पातळ पापडीसारख्या बिया मार्च-एप्रिलमध्ये रस्त्याकडेला ढिगाने पडलेल्या असतात, त्या सोसायटीच्या गच्चीवरून सोडून बघ किती लांब जातात ते.

चंदनाच्या बिया पसरवायचं काम बुलबुल, कोकीळ वगैरे पक्षी करतात, फळ खायचं आणि बी दुसरीकडे टाकायचं. तेरड्याची पिकलेली बोंडं मात्र पावसाळा संपता संपता बघायची, नुसतं बोट लावलं की फट्कन फुटतात, आणि प्लीज, एकदोनच फोड, सगळी नको.