"त्रास काहीच नाही, मग नळी कशाला घालायची?"

"मॅडम, मोठ्या दिरांना आतड्याचा कॅन्सर निघाला, सर्जन म्हणाले सख्ख्या भावंडांनी कोलोनोस्कोपी करून घ्या, पण आमचे हे ऐकतच नाहीत, काय करू?" हा प्रश्न मला सारखा येतो, फक्त माणसं बदलतात. (कोलोनोस्कोपी म्हणजे संडासच्या जागेतून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघणं.) यावेळी वहिनी नवऱ्याला सोबत घेऊनच आल्या होत्या. त्यांना बाळूदादा म्हणू, मोठ्या भावाला अण्णा (नावं, तपशील बदललेत). अण्णांना ४८ व्या वर्षी निदान झालं, बाळूदादा ४३ चे.

बाळूदादा बसले ते हाताची घडी घालूनच. पोट रोज साफ होतं, रक्तबिक्त काही पडत नाही, दुकानाचा सीझन आहे, खर्च कशाला उगाच... एवढी कारणं एकदम आली की मी एकालाही उत्तर देत बसत नाही, कारण खरं कारण त्यात नसतंच. वहिनींना चहाला पाठवलं आणि विचारलं, अण्णांच्या ऑपरेशननंतर त्यांच्याजवळ कोण होतं?

"मीच. पिशवी मीच बदलायचो."

पोटाला लावलेली संडासची पिशवी. एकदा एसटीत लीक झाली, अण्णा सगळा प्रवास खिडकीकडे तोंड करून बसले होते, हे सांगताना यांचाच आवाज बसला. मग म्हणाले, तपासायला गेलो की मलाही तीच लावतील ना.

तर मुद्दा हा होता! सीझन वगैरे काही नाही.

मग नीट सांगितलं. पिशवी लागते ती गाठ वाढल्यावर, तीही सगळ्यांना नाही, आणि बऱ्याच जणांची नंतर काढतात. कॅन्सर एका रात्रीत होत नाही, आधी आतड्याच्या आत चामखिळीसारखा पॉलिप येतो, सगळे पॉलिप बिघडतात असंही नाही, पण जो बिघडतो त्यालाही बहुतेक वेळा दहाएक वर्षं लागतात आणि तेवढ्यात सापडला तर त्याच नळीतून तिथल्या तिथे काढून टाकतात, पोट फाडायचं काम नाही. म्हणजे ज्या पिशवीच्या भीतीने तपासणी टाळताय ती पिशवीच या तपासणीने टळू शकते.

"मग ती संडासची साधी टेस्ट नाही का चालणार?" म्हणजे संडासमधलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधायची टेस्ट. घरात कुणाला कॅन्सर नसेल तर ४५ नंतर दरवर्षी ती चालते, पॉझिटिव्ह आली तर मात्र कोलोनोस्कोपी करावीच लागते. इथे सख्ख्या भावाला साठीच्या आत झालाय, मग थेट कोलोनोस्कोपीच, तीही चाळिशीला किंवा भावाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा. म्हणजे ३८. हिशोब त्यांनीच केला आणि गप्प झाले. आपल्याकडे सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर बघतात, आतड्याचा नाही, त्यामुळे बोलवायला कोणी येत नाही, आपणच जायचं.

शेवटी लाजेचं निघालंच, खोलीत बायका असतात का? असू शकतात, पण पुरुष स्टाफ हवा म्हणून आधी सांगता येतं. मागून उघडी असलेली पँट देतात, वर चादर, डाव्या कुशीवर झोपायचं, झोपेचं इंजेक्शन, साधारण अर्ध्या तासात आटोपतं. त्रास खरा आदल्या दिवशीचा. पालेभाजी, बियांची फळं बंद, आणि ते पावडरचं खारट पाणी लिटर लिटर प्यायचं, पिवळसर पाण्यासारखं होईपर्यंत संडासच्या फेऱ्या. पाणी फ्रीजमध्ये गार करा, स्ट्रॉने प्या. शुगरच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, मनाने बंद करू नका. आणि परत जाताना गाडी दुसऱ्याने चालवायची.

दिवाळी झाल्यावर केली त्यांनी. दोन पॉलिप निघाले, काढले, बायोप्सीत कॅन्सर नाही, पुढची तपासणी कधी ते डॉक्टरांनी लिहून दिलंय. कल्याणची बहीण मात्र अजून म्हणतेय, मुलीचं लग्न होऊ दे मग बघू. तिच्याशी बाळूदादाच बोलणारेत, मी नंबर देऊन ठेवलाय.