जुन्या टायरांचा रोलर: पैसे आत्ताच घालावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जमीन बारा एकर, वर्षातून दोन पेरण्या. पेरणीनंतर माती दाबायला रोलर भाड्याने आणता, ट्रॅक्टर घरचा. आता ट्रकचे जुने टायर फुकट मिळताहेत, ते आसावर ओवून रोलर घरीच करायचा आहे. साहित्याला चाळीस एकर दाबायच्या रोलर-भाड्याइतका खर्च येईल आणि तो दोन वर्षांच्या आत फिटेल, असा तुमचा हिशोब. पैसे पेरणीसाठी ठेवलेल्या रकमेतून काढणार आहात.

रोलर करा. पण या पेरणीआधी नको, आणि त्या पैशातून तर मुळीच नको.

टायर फुकट मिळाले की सगळंच स्वस्त वाटायला लागतं. खरा खर्च आसाच्या जाड पाइपचा, बेअरिंगचा, जोडणीच्या दांड्याचा आणि वेल्डरच्या मजुरीचा. तुमच्या यादीत बेअरिंग आणि वेल्डर दोन्ही नाहीत. ते धरून मी साठ एकरांचं भाडं मानतो. दरवर्षी वाचणाऱ्या चोवीस एकरांच्या भाड्यातून ग्रीस-दुरुस्तीचे चार वजा केले की वीस उरतात. म्हणजे तीन वर्षं, आणि यात तुमचे स्वतःचे दिवस धरलेलेच नाहीत. शिवाय घरी केलेला रोलर विकायला गेलात तर भंगाराचाच भाव येतो.

तरीही मी करा म्हणतो, ते वाफशासाठी, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही अशा वेळी काम उरकावं म्हणून. भाड्याचा रोलर इतरांचं आटोपल्यावर तुमच्याकडे येतो, तोवर माती कधी कोरडी पडते, कधी वर पाऊस येतो. ओल्या मातीवर रोलर फिरला तर वर पपडी धरते आणि कोंब खालीच अडकतात. दोन मीटर रुंदीचा रोलर ताशी सहा किलोमीटर वेगाने ओढला तर वळणं सोडून तासाला सुमारे तीन एकर होतात. वळणांसकट तुमचं रान पाच-सहा तासांत उरकेल. एका वाफशात दोन घरांचं काम सहज बसतं, म्हणून शेजाऱ्याला निम्म्या खर्चात भागीदार करा. कोण आधी वापरणार, हे लिहून ठेवा, नाहीतर वाद त्यावरूनच होतो.

पेरणीसाठी ठेवलेली रक्कम मात्र दुबार पेरणीचा आधार आहे. पाऊस दडी मारून बसला तर बियाणं पुन्हा घ्यावं लागेल, रोलर विकून ते येणार नाही.

या हंगामात भाड्यानेच आणा आणि चार ओळी न दाबता सोडा. उगवण झाली की दाबलेल्या आणि न दाबलेल्या ओळीत एकेक मीटर मोजपट्टी ठेवून रोपं मोजा, दहा ठिकाणी तरी. फरक दिसला नाही, तर तुमच्या मातीला रोलरची गरजच कमी आहे आणि हा खर्च वाचला.

करायला घ्याल तेव्हा टायर आसावर सुटे फिरतील असे बसवा, एकसंध जखडले तर वळणावर फरपटतात आणि माती उकरतात. वेल्डिंग रिमवर करावं लागलं तर आधी टायर उतरवा. हवा काढलेली असली तरी तापलेल्या टायरमध्ये वायू साठून स्फोट होऊ शकतो, आणि अशा अपघातात माणसं दगावली आहेत. टायरांना खालून भोकंही पाडा, साचलेल्या पाण्यात डास होतात.

रोपांची मोजणी झाली की आकडे पाठवा, मग भागीदारीतली रक्कम किती ठेवायची ते ठरवू.